सुपातला बैल

आमच्या सोसायटीचं पत्रक २८ डिसेंबरला लिफ्टमध्ये लागलं. 'आठवणीतलं गाव' असं स्पर्धेचं नाव. २६ जानेवारीला, रविवारी, क्लबहाउसमध्ये प्रदर्शन. आपल्या आठवणीतलं एखादं गाव किंवा शहर निवडायचं, त्याचं चिन्ह, मंदिर, वेस, पूल, काहीही घरातल्या वस्तूंमधून उभं करायचं. खाली तीन ओळी ठळक होत्या: नवीन काही विकत आणायचं नाही, फोटो किंवा इंटरनेट बघायचं नाही, भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, घरात सासूबाई, नवरा आणि सहावीतली मुलगी. हस्तकलेशी माझा संबंध रांगोळीपुरता, तीही ठिपक्यांची. तरी भाग घेतला, आणि घेतल्यावर पुढचे चार आठवडे जे झालं ते लिहून ठेवते आहे. पुढच्या वर्षी कुणाला असलं काही करायचं असेल तर निदान माझ्यासारखे राजमे तरी घरंगळणार नाहीत.

शहर ऑक्सफर्ड घेतलं. नवऱ्याच्या कामामुळे सप्टेंबर २०१७ ते नोव्हेंबर २०१८, असे चौदा महिने आम्ही तिथे होतो. मुलगी तेव्हा बालवाडीच्या वयाची. तिला घेऊन मी सेंट ऑल्डेट्स रस्त्यावर बसची वाट बघत उभी राहायचे आणि समोर टाउन हॉल असायचा. १८९७ सालची इमारत, दगडात कोरलेलं बरंच काही, त्यात शहराचं राजचिन्ह. मधे ढाल, ढालीवर बैल, बैलाच्या पायाखाली पाणी. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे नदीचा उतार, जिथून गुरं पायी पलीकडे जातात. गावाचं नावच चित्रात काढलेलं. मला वाटलं, इतके महिने डोळ्यासमोर होतं, सोपं जाईल.

फॉर्म नेण्यासाठी सोसायटीच्या ऑफिसात ३० डिसेंबरला गेले तर मॅनेजर रजेवर. २ जानेवारीला गेले तर फॉर्म संपलेले. झेरॉक्स स्वतःच काढून आणा म्हणाले, तीन प्रती, सहा रुपये. त्या फॉर्मला एक घोषणापत्र जोडायचं होतं, की मी चित्र पाहिलेलं नाही आणि पाहणार नाही. प्रवेश शुल्क १०० रुपये आणि अनामत ३००, टेबल खराब झालं तर त्यातून कापणार. शुल्क यूपीआयने चालतं पण अनामत चेकनेच, हा नियम का ते कुणालाच सांगता आलं नाही. चेकबुक शोधण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटची तारीख ८ जानेवारी होती, मी ७ ला दिला. एक सांगते, पोच घ्या. फॉर्मच्या तिसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला नसता तर पुढे माझं काही खरं नव्हतं.

पुढे काय झालं, तर १० तारखेला फोन आला. समितीतल्या एका काकांचा आक्षेप होता. प्रजासत्ताक दिनाला इंग्रजांच्या गावाचं राजचिन्ह कशाला, हा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा कायद्याचा, की असली चिन्हं वापरायला बंदी आहे. पहिल्या मुद्द्यावर मी काही बोलले नाही, कारण मलाही मनातून ते थोडं टोचतच होतं. माझं माहेर रोह्याचं. आमच्या कुंडलिकेच्या काठाचं काहीतरी करता आलं असतं. पण रोह्याचं मी रोज आठवत असते. ऑक्सफर्ड मात्र विसरत चालले होते, घराचा पिनकोडसुद्धा आता सांगता येत नाही. म्हणून ते घेतलं, एवढंच.

कायद्याचं मात्र लेखी उत्तर द्यावं लागलं. बोधचिन्हांबद्दल आपल्याकडे दोन कायदे आहेत. १९५० चा कायदा बोधचिन्हं आणि नावं धंद्यासाठी, ट्रेडमार्कसाठी वापरण्यावर बंधन घालतो, आणि कोणती चिन्हं त्याची यादी शेवटी जोडलेली आहे. २००५ चा कायदा आपल्या राजमुद्रेचा, म्हणजे चार सिंहांच्या स्तंभशीर्षाचा अनुचित वापर रोखण्यासाठी आहे. मी दोन्ही वाचले (कायदा वाचायला इंटरनेट चालेल का, हेही आधी विचारून घेतलं) आणि अर्ध्या पानाचं पत्र दिलं, की यात विक्री नाही, व्यापार नाही, राजमुद्रा नाही, यादीत ऑक्सफर्ड गाव नाही आणि वापरायचे आहेत ते राजमे आहेत. शेवटचं वाक्य नवऱ्याने खोडायला लावलं. समितीची बैठक १५ ला झाली, १६ ला 'हरकत नाही' असं पेनाने लिहिलेला कागद मिळाला. म्हणजे हातात राहिले दहा दिवस.

एका अर्थाने बरंच झालं, कारण संक्रांतीच्या आधी मला सूप मिळणारच नव्हतं.

सूप का, तर ढाल हवी होती. पहिल्यांदा परात घेतली होती, पण गोल ढाल म्हणजे मावळ्यांची झाली. पोळपाट तसाच. मग एकदा स्वयंपाकघरात सासूबाई तीळ पाखडत बसल्या होत्या आणि सूप भिंतीला टेकवून उठल्या. उघडं तोंड वर, निमुळती बाजू खाली. ढालच! "आई, हे मला हवंय," म्हटलं. "संक्रांत होऊ दे, मग घे. आणि धुवायचं नाही हं, सूप कुजतं," म्हणाल्या. १४ तारखेला तिळगूळ झाले, १५ ला सूप माझं.

त्या मधल्या दिवसांत मी कागदावर चित्र काढून बघत होते आणि तिथेच पहिली फजिती झाली. माझ्या चित्रात बैल होता, पाणी होतं, आणि शिवाय वर एक उघडं पुस्तक आणि तीन मुकुट होते. मला ते अगदी स्पष्ट आठवत होते. दोन दिवस मी पुस्तक कशाचं करावं याचा विचार करत होते, रेशनकार्ड उघडं ठेवावं इथपर्यंत मजल गेली होती. तिसऱ्या दिवशी भांडी आवरताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला की पुस्तक बैलाचं नाहीच.

सप्टेंबर २०१८ मध्ये आम्ही टाउन हॉल आतून बघितला होता. तिकडे 'ऑक्सफर्ड ओपन डोअर्स' म्हणून दरवर्षी सप्टेंबरात एक उपक्रम असतो, एरवी बंद असलेल्या जागा लोकांना फुकट बघता येतात. तिथे एक वयस्क स्वयंसेविका होत्या. माझी मुलगी बैलाकडे बोट दाखवून "पोळा, पोळा" करत होती, तर त्यांनी विचारलं काय म्हणतेय, आणि मग अर्धा तास आम्हाला सोडलंच नाही. त्यांनी पहिली गोष्ट ही सांगितली होती की पुस्तक आणि तीन मुकुट विद्यापीठाचे, बैल गावाचा, आणि दोन्हींची सरमिसळ इथे कुणासमोर करू नका. कारण गाव आणि विद्यापीठ यांचं जुनं वैर. १० फेब्रुवारी १३५५ ला, सेंट स्कोलॅस्टिकाच्या सणाच्या दिवशी, एका खानावळीत वाइन वाईट आहे यावरून विद्यार्थ्यांची आणि मालकाची जुंपली, आणि मग दंगल पेटली. साठाहून जास्त विद्यार्थी मेले, गावातले तीसएक. त्याबद्दल गावाच्या महापौराने दरवर्षी त्या दिवशी विद्यापीठाला ६३ पेन्स दंड भरायचा, माणशी एक, असं ठरलं, आणि हे चालू राहिलं १८२५ पर्यंत. पावणेपाचशे वर्षं! आमच्या सोसायटीत पार्किंगचं भांडण सात वर्षं चाललंय, त्याचं मला काही वाटेनासं झालं.

तर पुस्तक खोडलं, मुकुट खोडले. आणि त्या बाईंचं बोलणं आठवायला लागल्यावर बाकीचंही सुटत गेलं. त्यांनी मला ढालीचं वर्णन पाठ करून म्हणून दाखवलं होतं, आपण उखाणा म्हणतो तसं एका दमात. या चिन्हांचं मूळ म्हणजे चित्र नसतं, शब्द असतात. शब्द ठरलेले: रुपेरी जमिनीवर लाल बैल, शिंगं आणि खूर सोनेरी, खाली निळ्या-पांढऱ्या लाटांचं पाणी. एवढं पाळलं की चित्रकार बैल कसाही काढू शकतो. जाड, बारीक, दगडाचा, दोऱ्याचा. कुठलंच एक चित्र 'अस्सल' नसतं. कृतीच्या वहीत 'नारळ, गूळ, वेलची' लिहिलेलं असतं, कळ्या किती पाडायच्या ते जिचं तिने बघावं, तसंच. शिवाय रुपेरी म्हणजे पांढरंही चालतं आणि सोनेरी म्हणजे पिवळंही. हे आठवलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण घरात सोनं लावायला कोण देणार होतं, पण हळद होती.

१६ तारखेला रात्री कामाला सुरुवात केली. सुपाच्या आतून पोळ्या गुंडाळायचा फॉइल चिकटवला, ही रुपेरी जमीन. तळाला पाण्यासाठी मुलीच्या शाळेच्या वेणीच्या निळ्या रिबिनी आणि परकराच्या पांढऱ्या नाड्या, एकाआड एक. नागमोडी वळवताना रिबीन उभी राहते, नाडी पडून राहते. म्हणून नाडीला आधी तांदळाची खळ लावून, वळण देऊन रात्रभर वाळू द्यायची आणि रिबीन नंतर त्या वळणात बसवायची. उलट करू नका, मी केलं होतं.

मग बैल. पुठ्ठा कापला पोह्यांच्या खोक्याचा. शेजारी नागपूरच्या काकू राहतात, त्यांच्याकडे तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल आहे, त्यांच्या मुलाचा. त्या म्हणाल्या, "घेऊन जा ना, एवढं काय करत बसतेस रात्रभर!" पण दुसऱ्या घरातली वस्तू नियमात बसते का हे विचारायला पुन्हा अर्ज करावा लागला असता, आणि अर्जाची मला आता धास्तीच बसली होती. बैल फक्त समोर ठेवून बघायला आणला. तो बघून आकार कापला, त्यावर खळ फासली आणि राजमा लावायला घेतला.

राजम्याचा दाणा एका बाजूने आत वळलेला असतो हे इतकी वर्षं शिजवूनही मी नीट बघितलं नव्हतं. तो वळसा सगळीकडे एकाच दिशेने ठेवला तर कातडीवर लव असल्यासारखं दिसतं. मानेपासून पाठीकडे गेले, ओळ आपोआप वर चढली, मी तिच्याबरोबर गेले, दाणे पुरत होते, रात्रीचा एक वाजला होता. पाणी प्यायला उठले आणि लांबून बघितलं तर बैलाला मस्तपैकी वशिंड आलेलं! इंग्लंडच्या बैलाला वशिंड कुठलं? तिकडची गुरं पाठीत सपाट, फळीसारखी. पुठ्ठा कापतानाच माझ्या हाताने ते कापलं होतं, समोर काकूंचा बैल होता ना. बराच वेळ नुसती बघत बसले. काढायचं म्हणजे तीसेक दाणे उचकटायचे. मग त्या बाईंचे शब्द पुन्हा म्हणून बघितले. लाल बैल, सोनेरी शिंगं, सोनेरी खूर. पाठीबद्दल एक अक्षर नाही. वशिंड राहू दिलं. शिंगांना दोन हळकुंडं लावली, खुरांना हळकुंडाचे तुकडे. सकाळी सासूबाई आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर कौपिनेश्वराच्या नंदीचा भाऊ शोभतोय." एकूण २१७ दाणे लागले. खरं सांगायचं तर त्यातले शेवटचे वीसएक विकत आणलेल्या अर्ध्या किलोतले होते. घरातला राजमा संपला होता आणि रविवारी करायचा होताच, अशी मी मनाची समजूत घातली. घोषणापत्रात तसा रकाना नव्हता.

१८ तारखेला सकाळी सुपावर मुंग्यांची रांग. खळीचा वास. सासरे असताना वह्या-पुस्तकं घरी बांधायचे, ते खळीत मोरचूद घालायचे म्हणे, म्हणजे कीड लागत नाही. पण मोरचूद विषारी, घरात लहान मूल, तो विचार सोडला. मुंग्यांचा खडू ओढला सुपाभोवती. २० तारखेला सूप पहिल्यांदा उभं करून बघितलं, आणि दहा सेकंदांत बैलाचं पोट खाली आलं. राजमे फरशीवर, फ्रिजखाली, एक मुलीच्या बुटात. खळ कागदाला चांगली, पण राजम्याच्या गुळगुळीत सालीला ती धरत नाही. ज्यांना कडधान्यांचं काही करायचंय त्यांनी हे लक्षात ठेवा: फेव्हिकॉल लावा, आणि चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस आडवं ठेवा. त्या रात्री मी रडले, लहान गोष्ट आहे, पण रडले. नवरा काही न बोलता झाडू घेऊन फ्रिजखालचे दाणे काढत बसला.

ढालीच्या दोन बाजूंना दोन प्राणी असतात, ढाल धरून उभे. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला बीव्हर. म्हणजे पाण्यात लाकडं कुरतडून बांध घालणारा तो प्राणी. ऑक्सफर्डमध्ये हत्ती कुठून आला याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. त्या बाईंनी सांगितलं होतं की पहिल्या एलिझाबेथच्या काळात ज्या बड्या घराण्यांचा गावाशी संबंध होता, त्यांच्या चिन्हांतले हे प्राणी, हत्ती नोलिस घराण्याचा आणि बीव्हर नॉरीस घराण्याचा. हत्ती काळा, बीव्हर चक्क हिरवा. हिरवा बीव्हर कोण विसरेल?

हत्तीला फार वेळ लागला नाही. हस्तात पाटावर भोंडल्याचा हत्ती आम्ही दरवर्षी काढतो, तोच हात. पाट उभा केला, त्यावर माझ्या जुन्या, विरलेल्या संक्रांतीच्या काळ्या साडीचा तुकडा हत्तीच्या आकारात कापून लावला, सोंडेला साडीचाच पीळ. बीव्हरचं अंग म्हणजे भांडी घासायच्या हिरव्या घासण्या, चार, न वापरलेल्या. अडलं शेपटीवर. बीव्हरची शेपटी चपटी, रुंद, खवल्याखवल्यांची. उलथणं लावून बघितलं, गुळगुळीत दिसतं. डाव लावला, विनोदी दिसला. शेवटी मुलगी गाजर किसून झाल्यावर किसणी धुवायला घेऊन आली आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो. किसणी! खवले तयारच. पुढचे सहा दिवस गाजरं सुरीने कापली.

आता कोण कुठल्या बाजूला? मला हत्ती डावीकडे आठवत होता. पण त्या बाईंनी तो 'उजवीकडे' आहे म्हटल्याचंही आठवत होतं, आणि यात एक अख्खी संध्याकाळ गेली. उत्तर असं, की ढालीची उजवी-डावी बाजू बघणाऱ्याची नसते, ढाल धरून जो पलीकडे उभा आहे त्याची असते. त्याचा उजवा तो आपला डावा. म्हणजे दोन्ही आठवणी बरोबर होत्या. ढालीवरच्या प्राण्याचं तोंडही, वेगळं सांगितलेलं नसेल तर, ढालीच्या उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे. माझा बैल नशिबाने डावीकडेच बघत होता.

सगळ्यात वर शिरोभागी अर्धा सिंह, डोक्यावर मुकुट, पंजात गुलाब. इथे माझी आठवण पातळ झाली होती. सिंह होता एवढं पक्कं, रंग आठवेना. देवीचा सिंह पिवळा, म्हणून पिवळा केला. चणाडाळ, आता फेव्हिकॉलने. मुकुटासाठी गौरीचा मुकुट मागितला तर सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मोदकाच्या साच्याचा अर्धा भाग उलटा लावला, कडेला उरलेला संक्रांतीचा हलवा मोत्यांसारखा. गुलाब मात्र मला आवडला होता, तो नीट लक्षात होता. लाल गुलाबाच्या आत पांढरा गुलाब, ट्यूडर राजांचा. बिटाची चकती, तिला पाच पाकळ्या कापलेल्या, वर मुळ्याची लहान चकती. हे आदल्या रात्री करून चालत नाही, मुळा वाळून वाकतो आणि बिटाचा रंग त्याला चढतो. २६ ला सकाळी सात वाजता केलं.

ब्रीदवाक्य पट्टीवर मोहरीने लिहायचं होतं. एक तासभर मला फक्त विद्यापीठाचंच लॅटिन आठवत होतं, 'डॉमिनस इल्युमिनाशिओ मेआ'. पुन्हा तेच वैर. गावाचं शेवटी अर्थावरून सापडलं. त्या बाईंनी अर्थ सांगितला होता की सत्य बलवान असतं, आणि मी त्यांना म्हटलं होतं आमच्याकडे 'सत्यमेव जयते' आहे. त्यावरून शेवटचा शब्द 'वेरिटास', मग 'फॉर्टिस एस्ट वेरिटास'. मोहरी लिहायला चिमटा वापरू नका, उदबत्तीच्या काडीचं टोक किंचित ओलं करून दाणा उचला, झटपट होतं.

२६ तारखेला झेंडावंदन साडेआठला, मांडणी साडेनऊपर्यंत. टेबल चार फूट बाय अडीच, आणि माझा पाट, सूप आणि घासण्या मिळून पाच फूट होत होतं. हत्ती थोडा तिरका करावा लागला. आठ प्रवेशिका होत्या. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मापटी आणि सळ्यांच्या तुकड्यांतून १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी केली होती, तीन इंजिनांसकट, चुलीतल्या राखेच्या धुरासह. एकीने वाट्यांमध्ये पाणी भरून मासुंदा तलाव. एक मालवणचा किल्ला, सगळा सोलांचा, त्याच्या वासाने सगळ्यांना भूक लागत होती. आक्षेप घेणारे काका माझ्या टेबलाशी बराच वेळ थांबले. कायद्याचं काही बोलले नाहीत. "वशिंड आहे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "हो काका, राहिलं." "बरं केलंत," म्हणाले आणि पुढे गेले.

मला बक्षीस नाही. पहिला नंबर रेल्वेला, आणि तो बरोबरच होता.

दुपारी घरी येऊन पहिल्यांदा खरं चिन्ह फोनवर उघडलं. ढाल बरोबर निघाली. रंग, बैल, शिंगं, खूर, लाटा, सगळं. जे जे त्या बाईंनी तोंडाने सांगितलं होतं ते ते बरोबर. सिंह निळा निघाला, निळा! चौदा महिने बसस्टॉपवरून बघत होते, पण दगडाला रंग कुठला असणार. हत्ती आणि बीव्हर दोघांच्या गळ्यात सोनेरी पट्टा आणि साखळी असते, मी फक्त बीव्हरला बेन्टेक्सची साखळी घातली होती. हत्ती बिचारा मोकळाच उभा होता.

अनामत १ फेब्रुवारीला परत मिळाली, २५० रुपये. पन्नास बिटाच्या डागाचे कापले. पावती मागा, मी मागितली. एकूण खर्च शंभर शुल्क, पन्नास डाग, सहा रुपये झेरॉक्स, बासष्ट रुपयांचा राजमा. बैल सुपातून काढला नाही अजून, सासूबाईंनी नवीन सूप मागवलं आहे, त्याचे पैसे वेगळे.

प्रदर्शनात एका लहान मुलाने मला विचारलं होतं, "काकू, मग ठाण्याच्या महापालिकेचं चिन्ह कसं आहे?" आम्ही सातआठ मोठी माणसं तिथे उभी होतो. दर वर्षी घरपट्टीच्या बिलावर येतं, रस्त्यांवरच्या पाट्यांवर असतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. एकाने हवेत बोटाने काहीतरी गोल काढलं आणि थांबला.

घरपट्टीचं बिल आमच्याकडे टीव्हीखालच्या खणात असतं. सासूबाईंना म्हटलं, "आई, ते तुमच्या कपाटात ठेवून द्या आणि मी मागितलं तरी देऊ नका." काल रात्री कागद आणि पेन्सिल घेऊन बसले. अजून कागद कोराच आहे.